आडातले आणि पोहऱ्यातले
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानावरून)



'आनुवंशिकता' हा विषय वर्धापनदिनाला जरा जड होईल असे काहीजणींना वाटले, हे चिटणीसबाईंनी मला आधीच सांगून ठेवले आहे. पण खरे पाहता या विषयावर आपण बायका जितके बोलतो तितके प्राध्यापकही बोलत नसतील. बारशाला गेले की पाळण्यात डोकावताच पहिले वाक्य निघते, 'नाक अगदी आजीचे हो!' मुलगा गणितात नापास झाला की 'मामावर गेला'. आणि पहिला आला की अर्थातच वडिलांवर! लग्न जमवताना आपण घराणे पाहतो, खाण तशी माती म्हणतो. ही सगळी आनुवंशिकताच. तिच्यात खरे किती आणि नुसते बोलण्याचे किती, एवढेच आज पाहायचे आहे.

त्यासाठी मी एक म्हण बरोबर आणली आहे. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?' म्हण शहाणी आहे. पण आपण ती उलटीही वापरतो. पोहऱ्यात आले नाही, म्हणजे आडात नाहीच, असे धरून चालतो. आमच्या घराण्यात हे कधी दिसले नाही, म्हणून ते आमच्यात नाही. इथेच आपली फसगत होते, आणि तिचा भुर्दंड बहुतेक वेळा घरातल्या सुनेला भरावा लागतो.

आडात असूनही पोहऱ्यात न येणारी गोष्ट पहिल्यांदा नीट मोजून दाखवली ती एका मठातल्या साधूने. ग्रेगोर मेंडेल त्याचे नाव. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो गावच्या मठात तो राहत असे. शिक्षकाच्या परीक्षेत हा गृहस्थ यशस्वी झाला नाही, हे आपल्यातल्या काही मातांना दिलासा म्हणून सांगते. १८५६ पासून सात-आठ वर्षे त्याने मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो झाडे लावली. उसळीसाठी वाळलेले वाटाणे निवडताना आपण पाहतो, काही दाणे गोल गुळगुळीत असतात, काही सुरकुतलेले. मेंडेलने गोल दाण्यांच्या जातीचा आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातीचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल! सुरकुतीचा मागमूस नाही. दुसरा कोणी असता तर 'सुरकुती गेली' म्हणून मोकळा झाला असता. याने तेच गोल दाणे पुढच्या वर्षी पेरले, आणि आलेले दाणे एकेक करून मोजले. ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेला दाणा शेजारी शेजारी बसलेला होता.

सुरकुती गेली नव्हतीच. ती एक पिढी आडात दडून बसली होती.

मेंडेलने याचा उलगडा असा केला. प्रत्येक गुणासाठी जीवाकडे दोन घटक असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून आलेला. त्यांना आज आपण जनुक म्हणतो. दोघांपैकी एक प्रबळ असला तर तोच दिसतो, दुसरा गप्प राहतो. गप्प राहतो, पण नाहीसा होत नाही. पुढच्या पिढीला देताना दोघांपैकी कोणताही एक दिला जातो, आणि दोन गप्प घटक एकत्र आले की दडलेला गुण वर येतो. १८६५ साली त्याने हे ब्रनोच्या विद्वानांच्या सभेत वाचून दाखवले, पुढच्या वर्षी छापले, आणि कोणी विशेष लक्ष दिले नाही. मेंडेल १८८४ मध्ये वारला. १९०० साली तीन वेगवेगळ्या शास्त्रज्ञांना तेच नियम पुन्हा सापडले, तेव्हा कुठे त्याचे नाव झाले.

ज्यांची शेती आहे त्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. १९६४ साली आपल्या देशात पहिली संकरित ज्वारी आली, आणि 'हायब्रीड' हा शब्द गावोगाव पोचला. त्या ज्वारीचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, घरचे धरून चालत नाही, ही तक्रार आपण ऐकलेली आहे. कारण तेच. संकराच्या पहिल्या पिढीत सगळी ताटे एकसारखी, जोमदार. त्यांचेच दाणे पेरले की दडलेले गुण सुटे होऊन वर येतात. एक ताट उंच, एक बुटके, एकाचे कणीस भरलेले, दुसऱ्याचे पोकळ. मेंडेलच्या बागेतलीच गोष्ट, फक्त शेत मोठे.

आणि गोठ्यात काय होते पाहा. वळू काही दूध देत नाही. तरीही वळू निवडताना त्याच्या आईने वेताला किती दूध दिले हे विचारतात. मोठ्या पैदास केंद्रांत तर त्याच्या लेकींच्या दुधाच्या नोंदी पाहून मग त्याची किंमत ठरवतात. म्हणजे जो गुण बापाच्या अंगी कधी दिसणारच नाही, तोही बापाकडून उतरतो, हे गोठ्यात सर्वांना मान्य आहे. तोच शेतकरी घरात शिरला की नातवंडांतले उणे तेवढे सुनेच्या माहेरचे, असे मानायला लागतो. असे का व्हावे, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

आता मुलगा-मुलीच्या प्रश्नाकडे येते. 'हिला मुलीच होतात' हे वाक्य आजही आपल्या कानांवर येते. माणसाच्या प्रत्येक पेशीत जनुके ज्यांच्यावर ओवलेली असतात अशी ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. (हा आकडादेखील १९५६ पर्यंत ४८ समजला जात असे.) त्यांतली एक जोडी मुलगा की मुलगी हे ठरवते. बाईजवळ त्या जोडीत दोन्ही 'एक्स'. पुरुषाजवळ एक 'एक्स' आणि एक लहानसे 'वाय'. आई दरवेळी एक्सच देणार, तिच्याजवळ दुसरे देण्यासारखे काही नाहीच. बापाकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा.

हे शोधण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नेटी स्टीव्हन्स. जन्म अमेरिकेत, १८६१ मध्ये. बरीच वर्षे शाळेत शिकवले, पैसे साठवले आणि पस्तिशीच्या सुमारास विद्यापीठात शिकायला गेली. पुढे ब्रिन मॉर या बायकांच्या महाविद्यालयात संशोधन करू लागली. तिने अभ्यासाला घेतला तो पिठात होणारा किडा! ज्याला आपण चाळणीने चाळून फेकून देतो, त्याच्या जातीचा. त्या किड्याच्या मादीच्या पेशीत तिला वीस मोठी गुणसूत्रे दिसली, आणि नराच्या पेशीत एकोणीस मोठी व एक अगदी लहान. १९०५ साली तिने लिहिले की लिंग ठरते ते नराच्या बीजावरून. एडमंड विल्सन यांचेही काम त्याच वर्षी प्रसिद्ध झाले, आणि पुष्कळ वर्षे पुस्तकांत त्यांचेच नाव पुढे राहिले. नेटीबाई १९१२ मध्ये, वयाच्या पन्नाशीत गेल्या.

पण म्हणून आता सुनेऐवजी मुलाला धारेवर धरायचे, असे मात्र करू नका. त्याच्याही हातात काही नसते. कोणते बीज पुढे जाईल हा निव्वळ योग. (कोंबड्यांत गंमत उलटी आहे, तिथे नर-मादी कोंबडीकडून ठरते. कोंबडीला सासू नसते म्हणून बरे.) गर्भाचे लिंग तपासून मुलगी नको म्हणणे हा आपल्या राज्यात १९८८ पासून आणि देशात १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरी आज आले आहे ती सांगते. थॅलेसीमिया.

आपल्या रक्तात लाल रंगाचे हिमोग्लोबिन असते, प्राणवायू वाहून नेणारे. ते बनवण्याची जनुकेही जोडीने असतात. जोडीतले एक बिघडलेले असले तरी दुसऱ्यावर काम भागते. असा माणूस धट्टाकट्टा असतो, फार तर रक्त थोडे कमी. त्याला 'मायनर' किंवा वाहक म्हणतात, आणि बहुतेकांना आपण वाहक आहोत हे जन्मभर कळतही नाही. भारतात शंभरांत सुमारे तीन-चार माणसे अशी असतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत प्रमाण याहून बरेच जास्त आहे. पण आपल्यातले कोणतेही घर पूर्ण सुटले आहे असे समजू नये. दोन वाहकांचे लग्न झाले तर दर गर्भारपणात चारांत एक शक्यता अशी की मुलाला दोन्ही जनुके बिघडलेली मिळतील. तो 'मेजर'. जन्मतः बाळ चांगले दिसते. साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या आत ते फिकट पडू लागते, खात नाही, वाढत नाही. मग दर दोन-चार आठवड्यांनी बाहेरचे रक्त, जन्मभर. रक्ताबरोबर लोह अंगात साठते, ते हृदयाला आणि यकृताला बाधते, म्हणून ते काढण्याची औषधेही जन्मभर. काही मुलांना अस्थिमज्जेच्या रोपणाने बरे करता येते. पण जुळणारा दाता मिळावा लागतो आणि खर्च फार.

माझ्या माहितीतले एक घर आहे. नावगाव सांगत नाही. मुलगा-सून दोघे सुशिक्षित, प्रकृतीने उत्तम. पहिला मुलगा आठ महिन्यांचा असताना हे निदान झाले. आजीबाई म्हणाल्या, 'आमच्या सात पिढ्यांत असले काही नव्हते. हे हिच्या माहेरचे.' सून दोन वर्षे हे ऐकत होती. दर तीन आठवड्यांनी मुलाला मांडीवर घेऊन रक्तपेढीच्या बाकावर बसायचे, आणि घरी येऊन हे ऐकायचे. पुढे डॉक्टरांनी एक दिवस सासूबाईंनाच बोलावून घेतले आणि त्यांच्या मुलाचा कागद दाखवला. तोही वाहक. तो असणारच होता! आजारी मुलाला एक जनुक आईकडून आले, तर दुसरे बापाकडूनच यायला हवे; तिसरीकडून यायला वाटच नाही. त्या दिवसापासून त्या घरातले बोलणे थांबले. मुलगा आता दहावीला आहे, रक्त अजून चालूच आहे.

सात पिढ्यांची गोष्टही जरा तपासून पाहू. वाहकाचे लग्न बिनवाहकाशी झाले की आजारी मूल होत नाही, जनुक तेवढे निम्म्या मुलांत गुपचूप पुढे सरकते. असे कितीही पिढ्या चालू शकते. शिवाय पूर्वी घरोघर चार-चार मुले लहानपणी जात. त्यांतले कोण तापाने गेले आणि कोण असे फिकट होऊन गेले, हे कोणी लिहून ठेवले आहे?

विदर्भात, गडचिरोलीकडे, तसेच नंदुरबारच्या आदिवासी भागात याच्याच नात्यातला दुसरा आजार आढळतो, सिकलसेल. तिथेही हिशोब हाच. रक्ताची पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि जीवघेण्या वेदना होतात. पण याची एक बाजू मला फार विचार करण्यासारखी वाटते. १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासावरून अ‍ॅलिसन यांनी दाखवले की ज्याच्याजवळ हे जनुक एकच आहे, त्याला हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या मुलखात ते टिकून राहिले. त्याच जनुकाने कितीतरी मुलांना जगवले आहे, आणि जोडीने आले तिथे मारलेही आहे. तेव्हा 'दोष' हा शब्द जरा जपूनच वापरावा. सिकलसेलच्या तपासणीसाठी २०२३ च्या जुलैपासून केंद्र सरकारची मोहीम सुरू झाली.

मुंबईच्या नावाने ओळखला जाणारा एक रक्तगटही आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९५२ साली के. ई. एम. रुग्णालयात डॉ. भेंडे यांनी तो पहिल्यांदा नोंदवला. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण त्या माणसाला 'ओ' गटाचेही रक्त चालत नाही, त्याच गटाचे लागते. आईवडील दोघेही साध्या गटांचे, आणि मूल असे. आडाची आणखी एक खूण.

आता नात्यातल्या लग्नांविषयी. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. इरावतीबाई कर्वे यांनी नात्यागोत्यांवरच्या आपल्या १९५३ च्या ग्रंथात तिचा सविस्तर विचार केला आहे. आपण गोत्र पाहतो. पण गोत्र मोजते फक्त वडिलांची बाजू. मामाचे गोत्र वेगळे, म्हणून लग्न चालते. रक्ताला मात्र गोत्र कळत नाही. आते-मामे भावंडांची सरासरीने आठवा हिस्सा जनुके एकच असतात, कारण ती एकाच आजी-आजोबांकडून आलेली. म्हणजे एकाच आडातले दोन पोहरे. कोणत्याही जोडप्याच्या मुलांत जन्मजात व्यंगाचा धोका शेकडा दोन-तीन असतो. अशा लग्नांत तो साधारण तेवढ्यानेच वाढतो. म्हणजे बहुतेक मुले चांगलीच निघतात, भयभीत होण्याचे कारण नाही. पण घरात असा एखादा आजार आधीच दिसलेला असेल तर मात्र मामाच्या मुलीचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग करायचे काय? पत्रिका पाहू नका असे मी सांगत नाही, ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. छत्तीस गुण जुळवता, तसा एक कागद आणखी जुळवा. साधी रक्ततपासणी करावी. तांबड्या पेशी लहान दिसल्या तर शंका घ्यावी, पण पक्के उत्तर 'एचपीएलसी' नावाच्या तपासणीत मिळते. तिच्यात 'हिमोग्लोबिन ए-२' साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असले की तो माणूस बहुधा वाहक असतो. सिकलसेलही याच तपासणीत कळतो. अंगात लोह फार कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून कागद डॉक्टरांकडून वाचून घ्यावा.

आणि माझे एक ऐका. आधी मुलाचे रक्त तपासा. माझ्या या बोलण्यावर काही घरांत कपाळाला आठ्या पडतील. पण मुलीचे आधी तपासले आणि ती वाहक निघाली, तर 'मुलीत खोट आहे' म्हणून गावभर होते. मुलाचे आधी तपासले आणि ते स्वच्छ निघाले, तर थॅलेसीमिया मेजरचा प्रश्न तिथेच संपतो, मुलीला सुई टोचण्याचीही गरज उरत नाही. सायप्रस नावाच्या लहान बेटावर सात माणसांत एक वाहक. तिथे १९८० नंतरच्या दशकात चर्चनेच लग्नाआधी दोघांच्या तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. बहुतेक जोडप्यांनी लग्ने मोडली नाहीत. माहिती घेऊन पुढचे निर्णय केले. आणि तिथे आजारी बाळांचा जन्म जवळजवळ थांबला.

चिटणीसबाईंनी तुमच्या काही चिठ्ठ्या माझ्याकडे आधीच दिल्या होत्या, त्यांतल्या तीन घेते.

एकीने विचारले आहे: ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटतो का? नाही. ओठ फाटण्याला काही अंशी जनुके आणि काही अंशी गर्भारपणातल्या इतर गोष्टी, उदाहरणार्थ धूम्रपान आणि काही औषधे, कारण असतात. ग्रहण लागते ते सूर्याला आणि चंद्राला, आणि वेळापत्रक ठरवून लागते. त्या दिवशी भाजी चिरलेल्या हजारो बायकांची बाळे सुखरूप आहेत. अशा बाळाची शस्त्रक्रिया मात्र वेळेवर करून घ्यावी, ओठ चांगला होतो.

दुसरी चिठ्ठी: लग्न होऊन गेले, आता दिवस गेले आहेत, मग तपासून काय उपयोग? फार उपयोग आहे. पहिल्या दोन महिन्यांतच बाईची तपासणी करावी. ती वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची. दोघेही वाहक असतील तर अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते, आणि पुढचा निर्णय त्या दोघांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचा. एक लक्षात ठेवा, एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली असा हा हिशोब नाही. दर खेपेस फासा नव्याने पडतो.

तिसरी चिठ्ठी बिननावाची आहे. 'माझी मुलगी मायनर निघाली. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. मुलाकडच्यांना सांगावे का?' गोळ्यांविषयी आधी. तपासून अंगातले लोह खरोखर कमी निघाले तरच घ्याव्यात, नुसते रक्त कमी म्हणून नकोत. मायनरचे रक्त थोडे कमीच असते, आणि ते गोळ्यांनी भरून येत नाही. मुलाकडच्यांना जरूर सांगावे, कागद दाखवून सांगावे, आणि त्याच बैठकीत मुलाचा कागद मागावा. तो स्वच्छ असेल तर लग्नाला काही हरकत नाही. आणि तिच्या भावांची, बहिणींचीही तपासणी करून घ्या. प्रत्येकाला ते जनुक आलेले असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि तपासणी आयुष्यात बहुधा एकदाच करावी लागते. कागद पत्रिकेच्याच पेटीत ठेवला तर लग्नाच्या वेळी शोधावा लागणार नाही.